ज्या गावांत कॅमेरा थांबला नाही

लातूर जिल्हा जगाने छायाचित्रांतून दोनदा पाहिला. पहिल्यांदा ३० सप्टेंबर १९९३ नंतर. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा परिसर हादरला, आणि पुढचे कित्येक दिवस दगडमातीचे ढिगारे आणि पेटलेल्या चिता देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होत्या. दुसऱ्यांदा एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात. मिरजेहून पाणी भरून निघालेली रेल्वे १२ तारखेला लातूरला पोचली, तेव्हा फलाटावर प्रवाशांपेक्षा कॅमेरे जास्त होते. दोन्ही वेळची छायाचित्रं खरी होती, गरजेचीही होती. पण या दोन तारखांच्या मधे साडेबावीस वर्षं गेली. त्या काळात इथे पेरण्या झाल्या, लग्नं झाली, जत्रा भरल्या, देवळांच्या भिंतींवर ऊन चढलं आणि उतरलं. ते टिपायला बाहेरून कुणी आलं नाही.

प्रवासातलं छायाचित्रण म्हटलं की डोळ्यांपुढे काश्मीर, केरळ, पॅरिसचा मनोरा किंवा सँटोरिनीची पांढरी घरं येतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या जागांची छायाचित्रं काढताना आपण बहुतेक वेळा आधी पाहिलेलं चित्रच पुन्हा काढत असतो. उभं राहायची जागासुद्धा ठरलेली असते. हा छंद खऱ्या अर्थाने शिकायचा, तर नमुना आधी पाहिलेला नाही अशा ठिकाणी जावं. म्हणून हा लेख शिरूर अनंतपाळबद्दल आहे.

शिरूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार, आमच्याच जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद. त्यामुळे छायाचित्राखाली नुसतं 'शिरूर' लिहिणाऱ्याचं छायाचित्र दोनेक वर्षांत बेवारशी होतं. शिरूर अनंतपाळ हा पूर्वी निलंगा तालुक्याचा भाग; आता स्वतंत्र तालुका. लातूर, निलंगा आणि उदगीर यांच्या मधला हा टापू. मांजरा नदी आणि तिला मिळणारी घरणी यांच्या आसपासची काळी जमीन, सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी. डोंगर नावापुरते. पर्यटनाच्या पुस्तिकेत पान मिळेल असं वरवर काही नाही.

इथे कॅमेरा का आला नाही, याला इतिहासातलं सरळ कारण आहे. सुरुवातीची यंत्रं जड होती आणि ती सत्तेच्या मागे फिरत. १८५०-६०च्या दशकात ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कोलोडिऑन ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे छायाचित्रकारासोबत तंबू, रसायनं, पाणी, काचांच्या पेट्या आणि हमालांचा तांडा. १८६०च्या दशकात हिमालयात हिंडलेला सॅम्युएल बोर्न असाच मोठा लवाजमा घेऊन गंगोत्रीपर्यंत गेला होता. इतका खटाटोप कुणी करायचा, तर जिथली चित्रं विकली जातील किंवा ज्यासाठी सरकार पैसे देईल तिथेच. मराठवाड्यात ती जागा आधी अजिंठ्याला मिळाली. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ साली तिथे भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळला. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. त्याने वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि १९५६ पर्यंत निलंगा-उदगीर बीदर जिल्ह्यात. निजामाच्या दरबारी हिंदुस्थानातला त्या काळचा सर्वांत नावाजलेला छायाचित्रकार होता: लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा जन्म, साल १८४४. रुरकीला अभियांत्रिकी शिकला, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागला, आणि हौस म्हणून धरलेला कॅमेरा त्याला १८८५ मध्ये सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानाच्या, पदरी घेऊन गेला. पुढे राजा हा किताब मिळाला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई अशा तीन ठिकाणी त्याचे स्टुडिओ चालत. वेरूळ, दौलताबाद, राजवाडे, शिकारी, लष्करी कवायती, व्हाइसरॉयच्या भेटी, दुष्काळातली मदतकामं, सगळं त्याच्या काचांवर उतरलं. पण सरकारी दौरा जिकडे जाई तिकडे त्याचा कॅमेरा जाई. पुरातत्त्वाचं सर्वेक्षण करत जेम्स बर्जेस १८७५-७६ मध्ये बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांत फिरला, तेव्हा त्याच्या अहवालात खरोशाची लेणी आली, कारण ती लेणी होती. घरणीकाठचं एखादं साधं गाव कुणाच्याच अहवालात बसत नव्हतं. कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, पण ती आली व्यापारासाठी, आणि लातूरच्या बाजारापाशी थांबली.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, हमाल लागत नाहीत, काच ओली ठेवावी लागत नाही. तरीही छायाचित्रं त्याच जुन्या जागांची निघतात. लवाजमा गेला, सवय राहिली.

शिरूर अनंतपाळला छायाचित्रण शिकायचं तर पहिला धडा उन्हाचा. इंग्रजी पुस्तकांत 'गोल्डन अवर' म्हणून एक गोष्ट असते: सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तो सोनेरी तास. आपल्याकडे तो तास नसतोच. आकाशात सूर्य ताशी १५ अंश सरकतो. पण तो क्षितिजापासून किती झपाट्याने वर चढतो, हे त्या ठिकाणच्या अक्षांशावर ठरतं. युरोपच्या उत्तरेला तो तिरका, क्षितिजाला घासत चालतो. ऑस्लोत डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सात अंश वर येत नाही. तिथे दिवसभर तिरपंच ऊन. आपण साधारण साडेअठरा अंश उत्तरेला. इथे सूर्य जवळजवळ सरळ वर उठतो आणि क्षितिजापासून सहा अंशांवर जायला त्याला अर्धा तासही लागत नाही. त्यानंतर उन्हाचा पिवळेपणा झरझर उतरतो, सावल्या आखडतात आणि काळ्या रानावर नुसता चटका उरतो. परदेशी पुस्तक वाचून आलेला माणूस चहा पिऊन निवांत साडेसातला शिवारात पोचतो, आणि मग म्हणतो की इकडे काही 'दिसत' नाही. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो. धुऱ्यावर पावणेसातला उभं असायला हवं. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध.

दुपारचीही एक गंमत आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो: एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. मेमधल्या त्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांत हा फरक पडतो, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. माणसाचं छायाचित्र काढायला ही सर्वांत वाईट वेळ. डोळ्यांच्या जागी काळे खळगे येतात, टोपीच्या खाली तोंडच उरत नाही. पण विहिरीचं छायाचित्र काढायचं असेल तर हीच वेळ. इतर वेळी अंधारात राहणारा तळ आणि घडीव दगडाच्या पायऱ्या तेवढा वेळ उजळून निघतात.

देवळांना तर अक्षांशाचं गणित फारच लागू पडतं. शिरूरहून निलंगा जवळ. तिथलं नीळकंठेश्वराचं देऊळ चालुक्य-यादव काळच्या घडणीचं आहे. तीन गर्भगृहं, आत शिवलिंग, विष्णू आणि हरगौरीची देखणी मूर्ती, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी. या काळातल्या देवळांची बाह्य भिंत सरळ नसते. ती पुढे येते, मागे जाते, कोन आणि उपकोन करत वळते. त्यामुळे एकाच क्षणी एका अंगावर लख्ख ऊन असतं, शेजारच्या अंगावर तिरपी किनार आणि तिसऱ्यावर सावली. शिल्पाचं छायाचित्र समोरून पडलेल्या उन्हात काढलं की सपाट, मेलेलं येतं. भिंतीला घासून जाणारं ऊन हवं. मग दागिन्याचा प्रत्येक मणी आपली सावली घेऊन उभा राहतो. पूर्वेच्या भिंतीवर असं ऊन दुपार व्हायच्या थोडं आधी मिळतं, पश्चिमेच्या भिंतीवर दुपार टळायला लागल्यावर. उत्तरेच्या भिंतीचं मात्र वेगळं आहे. सप्टेंबरच्या २३ तारखेपासून मार्चच्या २१ पर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेकडे उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेकडे मावळतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीला सहा महिने थेट ऊन लागतच नाही. आपण पर्यटनाला निघतो ते नेमके त्याच सहा महिन्यांत. उत्तरेची शिल्पं त्यामुळे बहुतेकांच्या संग्रहात निळसर, विझलेली दिसतात. ती पाहायची तर उन्हाळ्याच्या सकाळी सात-आठला जावं. घाम येतो, पण उत्तरेच्या मूर्तींचे चेहरे पहिल्यांदाच नीट दिसतात.

खरी परीक्षा काळ्या मातीची. हा विषय मी कुठल्या छायाचित्रणाच्या पुस्तकात वाचलेला नाही, कारण ती पुस्तकं काळ्या रानात लिहिलेली नाहीत. कॅमेरा, मग तो मोठा असो की फोनमधला, समोरच्या दृश्यातला उजेड मोजतो आणि ते दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून चालतो. हिरवी झाडं, तपकिरी जमीन, माणसांच्या अंगाचा रंग या मिश्रणाला हा हिशेब बरा लागू पडतो. पण बेसॉल्टच्या खडकातून झालेली आपली रेगूर माती, विशेषतः पावसाने भिजलेली किंवा नुकती नांगरलेली, उजेड गिळून टाकते. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग अशा मातीने भरला की कॅमेरा समजतो इथे अंधार आहे, आणि सगळंच उजळवून टाकतो. परिणाम असा की काळी माती राखेसारखी करडी होते, आणि तिच्यात उभ्या असलेल्या माणसाचं पांढरं धोतर, पांढरी टोपी, बैलाची पाठ यांच्या जागी पांढरे ठिपके उरतात. त्या पांढऱ्यात सुरकुती राहत नाही, शिवण राहत नाही. नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी ती परत येत नाही. जे नोंदलंच गेलं नाही ते काढणार कुठून?

उपाय सोपा आहे. फोनवर पांढऱ्या टोपीवर बोट टेकवावं आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसतं ते थोडं खाली ओढावं. मोठ्या कॅमेऱ्यात उजेडाची भरपाई एक-दीड टप्पा उणे करावी. मग टोपीचा कपडा कपड्यासारखा दिसतो आणि माती काळी राहते. ती काळीच राहायला हवी. हल्लीचे फोन एका दाबणीत अनेक चित्रं टिपून त्यांची बेरीज करतात: सावलीतलं एका चित्रातून, आभाळ दुसऱ्यातून. त्यांचा कल प्रत्येक सावली उजळायचा असतो. मोडलेल्या माळवदाखालच्या ढाळजेत बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा असा फोन लख्ख करून दाखवतो, पण तो माणूस सावलीला बसला होता ही गोष्टच चित्रातून निघून जाते. माझं स्पष्ट मत आहे: अशा वेळी फोनची हुशारी बंद करावी.

जागा आणि ऊन यांच्यानंतर येतं ते पंचांग. प्रवासी माणूस सुट्टी पाहून येतो, गाव मात्र तिथी पाहून चालतं. शिरूर अनंतपाळला एकाच दिवशी यायचं असेल, तर मार्गशीर्षातल्या अमावस्येला यावं. लातूर आणि धाराशिव या भागात ही वेळ अमावस्या, बोलण्यात येळवस. डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीची सुरुवात. त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी तिथे उभं राहून मोकळ्या रस्त्यांचं छायाचित्र काढता येतं. कारण ज्याला स्वतःचं शेत आहे तो शेतात गेलेला असतो, आणि ज्याला नाही तो मित्राच्या शेतात.

शेतात आदल्या दिवसापासून तयारी असते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या टेकवून लहानशी कोप करतात. आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना चुना लावतात, लक्ष्मीची पूजा होते. घरातून डोक्यावर घेऊन आलेल्या पाट्यांत भज्जी असते: बेसनात शिजवलेल्या हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा अशा मिळतील तेवढ्या भाज्या. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची आंबील मातीच्या बिंदग्यात, धपाटी, तिळाच्या नाहीतर शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. जेवायला कुणालाही बोलावतात. अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन धुऱ्यावरून चालला असेल तर त्याला आधी जेवायला बसवतात, मग विचारतात कुठून आलात.

छायाचित्रकाराची खरी कसोटी ही कोप आहे. बाहेर डिसेंबरचं स्वच्छ ऊन, आत कडब्याच्या फटींतून झिरपणारा उजेड, आणि दोन्हींत कित्येक पटींचा फरक. बाहेरून आत पाहून काढलं तर आत काळोख येतो. आतून बाहेर पाहून काढलं तर दारापलीकडचा हरभरा पांढरा होऊन जातो. मला तरी एकच मार्ग सापडला आहे. कोपीच्या तोंडाशी, बाजूला, गुडघ्यावर बसायचं. पूजा करणाऱ्या बाईच्या चेहऱ्याच्या एका बाजूला दारातून येणारं ऊन लागतं, दुसरी बाजू कडब्याच्या पिवळसर उजेडात राहते, आणि चुन्याचे पाच पांडव मधे येतात. चुना पांढरा असल्याने मघाशी सांगितलेला टोपीचा नियम इथेही चालतो: मोजमाप चुन्यावरून घ्यायचं. अंधारात काही गेलं तर जाऊ द्यावं, ती कोप आहे.

लोकांचे चेहरे जेवताना टिपू नयेत असं मला वाटतं. घास घेतलेलं तोंड कुणालाच आवडत नाही, आणि आपण त्यांच्याच पंगतीला बसलेलो असतो. हात टिपावेत. उंडा कुस्करून भज्जीत कालवणारा हात, आंबीलचा तांब्या देणारा आणि घेणारा असे दोन हात. दुपारनंतर पोरं झाडाला झोके बांधतात, पतंग उडवतात. दिवस मावळायला लागतो सहाच्या सुमारास. मग कडब्याचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरवतात. इथे पुन्हा तो अर्ध्या तासाचा हिशेब कामी येतो. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. टेंभ्याची ज्योत आणि आभाळाचा निळा उजेड साधारण सारखे व्हावेत असा वेळ त्यातला फार तर दहा मिनिटं. आधी काढलं तर ज्योत फिकी, उशिरा काढलं तर काळ्या पडद्यावर नुसता जाळ. टेंभा कधी पेटणार हे शेताचा धनी ठरवणार, आपण नाही. त्याला आधी विचारून ठेवावं.

तालुक्यातली दुसरी तारीख जानेवारीतली. हिसामाबाद उजेड या गावात प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. गावकरी तिला गांधीबाबाची यात्रा म्हणतात. (गावाच्या नावावर कोटी करायचा मोह प्रत्येक छायाचित्रकाराला होतो, तो आवरावा.) हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या काळात, मनं दुभंगलेली असताना, सगळ्यांना एकत्र येता यावं म्हणून गावाने कुठल्या देवाच्या किंवा पिराच्या नावाऐवजी गांधीजींचं नाव घेतलं. देवाच्या जागी माणूस बसवून भरणारी अशी जत्रा मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. गांधीजींची छायाचित्रं काढायला जग आलं होतं. मार्गारेट बर्क-व्हाइटने १९४६ मध्ये चरख्यामागे बसलेले गांधीजी टिपले. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ला त्यांना भेटला. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली आणि अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रं जगभर गेली. त्या माणसाच्या आठवणीचं एका खेड्यात पुढे काय झालं, ही त्याच मालिकेतली पुढची चौकट आहे.

जत्रेवरून एक जुनी गोष्ट निघते. घरोघरी कॅमेरे नव्हते तेव्हा मराठवाड्यातल्या जत्रांत फोटोवाल्याचा तंबू असायचा. मागे रंगवलेला पडदा: ताजमहाल, विमान, धबधबा, कधी नुसती मोटार. नवं लुगडं नेसलेली बाई, खांद्यावर रुमाल टाकलेला नवरा, कडेवर काजळ घातलेलं पोर, आणि पाठीमागे आग्रा. ज्यांना आग्र्याला जाता येणार नव्हतं त्यांच्याकडे आग्रा तंबूत यायचा. प्रवासी छायाचित्रणाचा हा आमच्याकडचा अवतार. त्यांतली कित्येक छायाचित्रं आजही भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहेत. गावात गेल्यावर ती पाहायला मागावीत. लोक हौसेने दाखवतात, त्यात कोण कोण आहे हे सांगतात, आणि मग आपल्या कॅमेऱ्यासमोर बसायलाही तयार होतात.

चांगले छायाचित्रकार एका जागी पुन्हा पुन्हा जातात. संदेश भंडारे यांचं वारीवरचं आणि तमाशावरचं काम पाहिलं की हे पटतं. फडाच्या मागे, राहुटीत, रंग उतरवताना माणसं ज्या निवांतपणे त्यांच्या चौकटीत दिसतात, तो निवांतपणा पहिल्या भेटीत कुणी देत नाही. उलट टोकाला आकाशातून काढलेली छायाचित्रं. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेले गडकिल्ले 'महाराष्ट्र देशा'मध्ये २०१० साली आले. तटबंदीचा सगळा आराखडा एका नजरेत दिसला, जो जमिनीवरून कधी दिसत नाही. दोन्ही तऱ्हा हव्यात. पण शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणी पहिली तऱ्हाच उपयोगाची. वरून इथे चौकोनी रानं आणि वळणाची नदी दिसेल. रान कुणाचं, हे खालीच विचारावं लागतं.

परवानगीचा प्रश्न गावात शहरापेक्षा सोपा आणि म्हणून जास्त जबाबदारीचा असतो. कुणी नाही म्हणत नाही. तांड्यावरच्या लमाण बायांची भिंगाची वस्त्रं पाहून पाहुण्यांचे कॅमेरे भान हरपतात. त्या बाया कामाच्या गडबडीत असतात हे चित्रात कुठे येतच नाही. दोन मिनिटं बोलावं, नाव विचारावं, काढलेलं दाखवावं, नको म्हणाल्या तर समोरच पुसून टाकावं. आणि पाठवतो म्हटलं तर पाठवावं, कागदावर छापून. फोनवर आलेलं छायाचित्र महिन्याभरात शुभेच्छांच्या ढिगाखाली जातं. कागदाचं भिंतीवर लागतं.

शेवटी नोंद. आजच्या छायाचित्रात तारीख-वेळ आपोआप साठवली जाते, परवानगी दिली असेल तर जागाही. पण समाजमाध्यमांवरून आणि संदेशांतून फिरताना ही माहिती बहुधा गळून पडते. लाला दीनदयाळच्या स्टुडिओत काचांवर क्रमांक आणि नावं घालत, म्हणून आज शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही कुठला दरवाजा कुठल्या किल्ल्याचा ते सांगता येतं. आपण इतकं तरी लिहावं: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, काय चाललं होतं, शेतात कोणतं पीक होतं. पीक जरूर लिहावं. आमच्याकडे सोयाबीनने गेल्या काही दशकांत रानाचा रंग बदलून टाकला आहे. करडईची पिवळी-केशरी फुलं एके काळी रब्बीत सर्रास दिसत, आता ती शोधावी लागतात. करडईच्या शेतात उभ्या असलेल्या कुणाचं जुनं छायाचित्र घरात असेल, तर त्याच्या मागे तारीख आणि शिवाराचं नाव आजच लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसं अजून आहेत.

येळवसेला यायचं ठरवलंत तर आदल्या संध्याकाळी मुक्कामाला या. त्या दिवशी बाजार बंद असतो आणि हॉटेलं उघडी सापडायची नाहीत. डबा मात्र आणू नका.